गाव आणि ग्राम : मूर्त-अमूर्त नामांचा लोकव्यवहार

एप्रिल २०१६ मध्ये हरियाणा शासनाने गुडगाव या शहराचे व जिल्ह्याचे नाव 'गुरुग्राम' असे बदलण्याचा निर्णय जाहीर केला. त्यावर पुराण आणि राजकारण या दोन अंगांनी पुष्कळ लिहिले-बोलले गेले. भाषेच्या दृष्टीने मात्र त्या घटनेचे मर्म निराळेच होते. पांडवांनी द्रोणाचार्यांस दिलेले ते गुरूचे गाव, आणि त्याचाच झिजून झालेला उच्चार म्हणजे गुडगाव, अशी तेथील लोकपरंपरा आहे. ती प्रमाण मानली तर नव्या नावाने अर्थात काहीच भर घातली नाही. गुरूचे गाव होते ते गुरूचे ग्राम झाले. तद्भव शब्द काढून त्याच्या जागी त्याचाच तत्सम पूर्वज बसविला गेला, एवढेच. आणि तरीही ही दोन नावे ऐकणाऱ्याच्या मनात एकच वस्तू उभी करीत नाहीत.

मराठी वाचकास हा फरक फोड करून सांगण्याची आवश्यकता नाही. 'गाव' म्हटले की वेस, पार, विहीर, शिवार, चावडीवर बसलेली माणसे असे काहीतरी डोळ्यांपुढे येते. गावाला वास असतो, वाट असते, गाव जागे होते आणि झोपते. 'ग्राम' हा शब्द मराठीत सुटा असा नांदतच नाही. ग्रामपंचायत, ग्रामसभा, ग्रामसेवक, ग्रामविकास, ग्रामस्वराज्य अशा समासांतून तो वावरतो, आणि तेथेही तो पाहिलेल्या गावाचा नव्हे, तर गावाविषयीच्या एखाद्या योजनेचा वाचक असतो. सुटीत कोणी ग्रामाला जात नाही. जातो तो गावालाच. व्याकरणाच्या लेखी मात्र हे दोन्ही शब्द सारखेच सामान्यनाम, सारखेच मूर्त. तेव्हा नामाचे मूर्तत्व नामातच असते की ते वापरणाऱ्याच्या तोंडी ठरते, हा प्रश्न येथे अटळ होतो.

दादोबा पांडुरंग तर्खडकरांच्या १८३६ च्या व्याकरणापासून मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पर्यंत मराठी व्याकरणकारांनी नामविचार कसोशीने केला. शालेय पुस्तकांत तो उतरला तो असा : सामान्यनाम, विशेषनाम आणि भाववाचक नाम, त्यांपैकी पहिली दोन धर्मिवाचक, तिसरे धर्मवाचक. धर्मी म्हणजे गुण धारण करणारी वस्तू आणि धर्म म्हणजे तो गुण. पणा, की, गिरी, वा, आई, त्व, ता हे प्रत्यय लागले की धर्म धर्म्यापासून सुटा होऊन स्वतंत्र उभा राहतो. यांतील त्व आणि ता यांची परंपरा तर पाणिनीपर्यंत मागे जाते. हे वर्गीकरण तर्काला धरून आहे, यात शंका नाही. तथापि तो तर्क कोशातल्या शब्दाचा आहे, वाक्यातल्या शब्दाचा नव्हे. हीच पुस्तके पुढच्या पानावर शांती, आनंद, विकास ही भाववाचक नामे मुलामुलींची नावे म्हणून विशेषनामे कशी होतात ते सांगतात आणि त्याला अपवाद समजून पुढे जातात. २०१७ साली गुजरातेत विकास वेडा झाल्याची थट्टा घरोघर पोहोचली, तिचे सारे सामर्थ्य या तथाकथित अपवादातच होते. ज्याला नाव आहे तो वेडाही होऊ शकतो.

मराठी वाक्यरचनेकडे पाहिले तर अपवाद कोणता आणि नियम कोणता याविषयीच संदेह उत्पन्न होतो. मराठी माणूस रागावतो त्यापेक्षा अधिक वेळा त्याला राग येतो. त्याला कंटाळा येतो, भीती वाटते, झोप लागते. येथे कर्त्याच्या जागी भाव उभा आहे आणि माणूस चतुर्थीत, म्हणजे ज्याच्याकडे कोणी आले आहे अशा यजमानाच्या जागी. एकटे 'लागणे' हे क्रियापद घ्यावे. दगडाची ठेच लागते, ऊन लागते, भूक लागते, पोराचा लळा लागतो, दृष्ट लागते, गोडी लागते. दगडापासून गोडीपर्यंत सर्वांना एकच क्रियापद पुरते आणि बोलणाऱ्याला मध्ये कोठेही सीमा ओलांडल्याचे जाणवत नाही. लाज सोडता येते, राग गिळता येतो, अक्कल गहाण पडते, धीर सुटतो, अब्रूचे खोबरे होते. या सगळ्यांस 'वाक्प्रचार' असे नाव देऊन कोशाच्या परिशिष्टात टाकणे सोपे आहे. परंतु भाषेचा एवढा मोठा भाग परिशिष्टात राहत असेल, तर ग्रंथाची मांडणीच तपासून पाहावयास हवी.

'माया' हा शब्द या दृष्टीने विलक्षण बोलका आहे. वेदान्तात माया म्हणजे अमूर्ताचेही अमूर्त; जे आहे असे वाटते पण नाही ते. घरात माया म्हणजे वात्सल्य. गैरमार्गाने मिळविलेल्या पैशालाही लोक मायाच म्हणतात, आणि ती 'जमवली' जाते. पण शिंप्याच्या दुकानात माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेले जादा कापड. मूल वाढते आहे, पुढील वर्षी झगा उसवून मोठा करावा लागेल, म्हणून माया ठेवायची. या चार अर्थांची कोशकाराने चार आकड्यांखाली नोंद करणे क्रमप्राप्तच आहे. परंतु शिंप्याला माया ठेवावयास सांगणारी आई त्या क्षणी कोणत्या आकड्याखाली बोलत असते? तिच्या बोलण्यात वात्सल्य आणि कापड यांची मोजणी एकाच बोटाने होते.

आधुनिक मानसशास्त्राने या प्रश्नाला मोजपट्टी लावून पाहिली आहे. मूर्त शब्द मनात शब्दरूपाने व चित्ररूपाने अशा दुहेरी मार्गांनी साठविले जातात आणि म्हणून ते लवकर आठवतात, असे प्रतिपादन कॅनडातील एलन पैव्हिओ यांनी १९७१ मध्ये विस्ताराने केले. २०१४ मध्ये मार्क ब्रिसबार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे चाळीस हजार इंग्रजी शब्दांना चार हजारांहून अधिक लोकांकडून एक ते पाच असे मूर्ततेचे गुण देवविले. उद्योग मोठा आहे आणि त्याचा उपयोगही आहे. पण गुण देणाऱ्यापुढे शब्द आला तो सुटा, वाक्याविना. 'माया' या शब्दाला असा एक गुण द्यावयाचा झाल्यास तो वेदान्त्याने द्यावा की शिंप्याने? प्राचीनांनी हा वाद निराळ्या टोकाने घातला होता. शब्दाने जाती सांगितली जाते असे वाजप्यायनाचे मत, द्रव्य सांगितले जाते असे व्याडीचे. महाभाष्यात या दोहोंचा परामर्श आहे. त्या वादातही प्रत्येक उदाहरण वाक्यात ठेवूनच तपासले जाते, हे विसरता येत नाही. गाय आण म्हटल्यावर कोणी गोत्व आणीत नाही.

येथवरचे विवेचन केवळ भाषेच्या लीलेचे कौतुक वाटण्याचा संभव आहे. परंतु अमूर्ताला हातपाय फुटण्याची ही क्रिया नेहमीच निरुपद्रवी नसते. 'सोवळे' म्हणजे शुद्धतेची अवस्था आणि सोवळे म्हणजे नेसावयाचे वस्त्रही. अवस्थेला वस्त्राचे रूप आले की ती खुंटीवर टांगता येते, दुसऱ्याच्या स्पर्शापासून राखता येते. 'विटाळ' हा त्याचा प्रतिपक्ष. विटाळ दिसत नाही, त्याला वजन नाही, आकार नाही; व्याकरणाच्या कोणत्याही कसोटीने ते भाववाचक नाम आहे. व्यवहारात मात्र तो डागासारखा लागत होता, सावलीवाटे पसरत होता, पाण्यात विरघळत होता. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी प्याले, तेव्हा सनातन्यांनी तळ्याचे 'शुद्धीकरण' केले. म्हणजे एका भाववाचक नामाला धुऊन काढण्यासाठी शेण, गोमूत्र, दूध, दही ही खरोखरीची द्रव्ये पाण्यात ओतली. त्याच्या समोर उभा राहिलेला शब्द 'माणुसकी' हाही प्रत्ययान्त भाववाचकच. पण तो मागणाऱ्यांनी मागितला तो व्याख्येत नव्हे, ओंजळभर पाण्यात. तळ्यावरील हक्काचा दावा उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने निकालात निघावयास १९३७ साल उजाडले. दोन अमूर्त नामांपैकी मूर्त कोणते, याचा निर्णय लागण्यास दहा वर्षे लागली, असेही त्याचे वर्णन करता येईल.

उलट दिशेने, मूर्ताकडून अमूर्ताकडे जाणारी वाट तितकीच रुळलेली आहे. पाणी म्हणजे हिंमत, पोट म्हणजे उपजीविका, चूल म्हणजे कुटुंब, कुंकू म्हणजे सौभाग्य. पण या संदर्भात सर्वांत अधिक विचार करावयास लावणारा शब्द 'अंगठा' हा होय, आणि तो पुन्हा गुरुग्रामाकडेच घेऊन जातो. 'द्रोण' हेच मुळी मूर्त नाम. मराठी माणूस पंक्तीला द्रोणात आमटी घेतो. महाभारतातील आख्यानाप्रमाणे आचार्यांचा जन्म द्रोणात, म्हणजे पात्रात झाला, म्हणून ते द्रोण. एका भांड्याच्या नावाचे विशेषनाम झाले, विशेषनामाची जागा 'गुरु' या आदरवाचकाने घेतली आणि त्या आदराचे शहराला नाव मिळाले. नावाच्या या प्रवासात जे गळून पडले ते लक्षणीय आहे. त्याच आख्यानात गुरुभक्ती या अमूर्त गुणाचे मोल मूर्त स्वरूपात मागितले गेले, आणि ते होते एकलव्याच्या उजव्या हाताचा अंगठा. गुरुग्रामाजवळच्या खांडसा गावी एकलव्याचे मंदिर आहे. शहराच्या नावात गुरू आला. अंगठा खांडशातच राहिला.

मराठीत या अंगठ्याचे पुढे काय झाले? ज्याला अक्षर येत नाही तो 'अंगठेबहाद्दर'. खरेदीखताच्या तळाशी 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा' अशी नोंद होते आणि तिच्याशेजारी शाईचा एक वर्तुळाकार ठसा असतो. पिढ्यान्‌पिढ्यांचा निरक्षरपणा, म्हणजे एक भाववाचक नाम, त्या ठशात सामावते. पण तो ठसा ज्या कागदावर उमटतो त्याने जाते ती जमीन. गुरुग्रामाच्या परिसरात नाथूपूर, चक्करपूर, वझिराबाद, झाडसा अशी गावे आहेत. १९७५ च्या हरियाणाच्या नगरक्षेत्र-विकास व विनियमन कायद्याने खाजगी वसाहतकारांस परवाने मिळू लागले आणि तेथील शेतजमिनीवर उंच इमारती उभ्या राहिल्या. कायद्याच्या शीर्षकात 'विकास' आहे. शेत, बांध, रहाट, गव्हाण यांपैकी काही नाही. ते असावयास हवे होते अशी अपेक्षा कोणी करणार नाही. कायद्याची भाषा ती. पण जमिनीचे क्षेत्र झाले, क्षेत्राचा भूखंड झाला आणि भूखंडाचा विकास झाला, या शब्दक्रमात प्रत्येक पायरीला नाम अधिक संस्कृत आणि कमी दृश्य होत गेले, हे टिपले पाहिजे. महाराष्ट्रातील पाण्याचे 'जलसंपदा', घराचे 'गृहनिर्माण' आणि दुधाचे 'दुग्धविकास' होण्याचा क्रमही याहून वेगळा नाही.

या मुलखाचा मराठी इतिहासाशी संबंध आहे, हे येथे ओझरते सांगावयास हरकत नाही. वऱ्हाडातील सुर्जी-अंजनगाव येथे ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यात जो तह झाला त्यान्वये हा प्रदेश कंपनीकडे गेला. तहनाम्यातही गावे असतात. पण ती उत्पन्न म्हणून असतात. पुढे इंग्रजी अमलात, १९२० नंतरच्या काही वर्षांत, एफ. एल. ब्रेन नावाच्या कलेक्टराने याच जिल्ह्यात ग्रामोद्धाराचा प्रयोग केला आणि त्यावर पुस्तके लिहिली. त्याच्या सरकारी उत्साहात हुकमतीचा भाग कमी नव्हता. परंतु 'उद्धार' या शब्दाचा त्याने गावकऱ्यांस सांगितलेला अर्थ होता खताचा खड्डा, घराला खिडकी, अंगावरच्या दागिन्यांना आळा. हे पटो न पटो, मोजता येत होते. उद्धार झाला की नाही हे खड्डा पाहून कोणासही सांगता आले असते. ज्याला तो नको असेल त्याला तो बुजविताही आला असता. पुढच्या काळातील 'विकास' या शब्दाला ही सोय राहिली नाही.

याच शहराने मराठीला आणखी एक नमुना पुरविला आहे आणि तो अगदी लिंगविचाराच्या प्रांतातला. मराठी खेड्याच्या वेशीवर मारुतीचे देऊळ असावयाचेच. १९८३ साली गुडगावच्या कारखान्यातून त्या नावाची छोटी मोटार बाहेर पडली. मराठी माणसाने तिला वेगळे नाव दिले नाही; फक्त लिंग बदलले. मारुती पावला, मारुती आली. मारुतीला तेल वाहिले, मारुती विकत घेतली. 'गाडी' या अध्याहृत शब्दाने विशेषनामाचे सामान्यनाम केले, देवाची वस्तू झाली, आणि कोणाचाही घोटाळा झाला नाही. कोणत्याही व्याकरणकाराने न शिकविलेला हा भेद क्रियापदाच्या शेवटच्या स्वरावर तोलून धरला जातो. लोक नामांचा अर्थ कसा लावतात याचे याहून स्वच्छ उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

आणि गुडगावचे? शहर त्या नावाने वाढले, तेव्हा त्याच्या पोटातील मूळ वस्तीसाठी लोकांनी 'गुडगाव गाव' असा प्रयोग रूढ केला. नावातले 'गाव' शहराने खाऊन टाकले होते, म्हणून बोलणाऱ्यांनी ते पुन्हा शेवटी जोडले. द्विरुक्ती म्हणून पंडिताने त्याला नाक मुरडावे. वस्तुतः तो एका नामाचा हरवलेला देह परत मागण्याचा प्रकार आहे. अहमदनगरला लोक पिढ्यान्‌पिढ्या नुसते 'नगर' म्हणत आले, म्हणजे त्यांनी सामान्यनामाचेच विशेषनाम केले. २०२४ साली शासनाने त्याचे अहिल्यानगर केले. 'नगर' हे दोन्हींत कायम राहिले. मराठवाडा विद्यापीठाच्या बाबतीत मात्र विशेषनामाचा प्रश्न इतका हलका नव्हता. जुलै १९७८ मध्ये विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला, त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांची राखरांगोळी झाली, माणसे मारली गेली, आणि अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी जे झाले त्याला 'नामविस्तार' म्हटले गेले. नामांतर आणि नामविस्तार या दोन भाववाचक नामांमधील अंतर सोळा वर्षांचे आणि जळलेल्या घरांचे आहे. नाव म्हणजे केवळ खूणचिठ्ठी, असे म्हणणाऱ्या तर्कशास्त्राला हे अंतर दिसत नाही.

साहित्यविचारात या साऱ्याचे स्थान काय, हे पाहावयाचे झाल्यास जोतीराव फुले यांच्या दोन ग्रंथनामांकडे पाहावे. १८७३ चे पुस्तक 'गुलामगिरी', सरळ सरळ प्रत्ययान्त भाववाचक नाम. पण ते अर्पण केले आहे अमेरिकेतील गुलामगिरी नष्ट करणाऱ्या सज्जनांस, म्हणून त्या नामामागे साखळदंडाची माणसे उभी आहेत. दहा वर्षांनंतरच्या ग्रंथाला त्यांनी नाव दिले 'शेतकऱ्याचा असूड'. तेथे असूड हे मूर्त नाम आणि तो उगारण्यामागचा संताप अमूर्त. एकाच लेखकाने, एकाच दुःखासाठी, दोन्ही दारे ठोठावली. जो 'गुलामगिरी'ला विचार आणि 'असूडा'ला अलंकार समजेल त्याचे दोन्ही वाचन अपुरे राहील.

बहिणाबाई चौधरी यांचा प्रकार याहून सूक्ष्म. १९५२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, त्यांची गाणी आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली. अक्षरओळख नसलेली ही खानदेशातील शेतकरी स्त्री. मघाच्या व्याख्येने अंगठेबहाद्दर. 'मन' या शब्दावर तत्त्वज्ञांनी ग्रंथ लिहिले. तिला ते पिकात शिरणारे गुरू दिसले. टीकाकार यास उपमा म्हणतात, रूपक म्हणतात, मानवीकरणाचे उलट टोक म्हणतात. या पारिभाषिक संज्ञांनी एक गोष्ट झाकली जाते : तिने आधी अमूर्त मन घेऊन मग त्याला गुराचे कातडे पांघरलेले नाही. ज्या भाषेत राग येतो, झोप लागते आणि अक्कल चरावयास जाते, त्या भाषेत मन शिवारात हिंडणे ही कवीची करामत नसून शेजारपाजारच्या बोलण्याचेच पुढचे पाऊल आहे. करामत आहे ती नेमके पीक आणि नेमके जनावर निवडण्यात. बहिणाबाईंच्या सहजतेचे कौतुक पुष्कळ झाले. त्या सहजतेला मराठी नामविभक्तीचा जो आधार आहे त्याची चिकित्सा अद्याप व्हावयाची आहे.

मराठी टीकेने स्वतःच्या शब्दांकडे याच दृष्टीने पाहिले तर काय दिसते? बा. सी. मर्ढेकरांच्या पिढीने 'सौंदर्य', 'आत्मनिष्ठा', 'लय' यांवर वाद घातले, आणि त्या वादांनी टीकेला शिस्त लागली हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्याच सुमारास रुळलेले आणि अधिक टिकलेले शब्द पाहावेत : घाट, पोत, वीण. घाट हा कुंभाराच्या आणि तांबटाच्या घरचा, पोत विणकराच्या, वीण तर सुपापासून खाटेपर्यंत सर्वांच्या. घाट म्हटले की वाचकाला कथेचा आकार हातात धरून फिरविता येतो. तो कोठे फुगला आहे, कोठे आवळला आहे, हे तो बोट ठेवून दाखवू शकतो. त्याऐवजी 'आकृतिबंध' म्हटले की शब्द जड होतो आणि पकड सुटते. गंमत अशी की शासनाने आता हाच शब्द कार्यालयातील मंजूर पदांच्या तक्त्यासाठी उचलला आहे. कारकुनांची किती पदे मंजूर आणि किती रिक्त, ते आकृतिबंधात पाहावयाचे असते. टीकाकारांच्या हाती ज्या नामाला कधी देह मिळाला नाही त्याला मंत्रालयात तो मिळाला.